डोमिनियनमध्ये दोन कार्डं एकमेकांना भिडली की काय होतं? ॲपचे ‘विचित्र’ निकाल समजून घ्या

मोबाईलवर डोमिनियन खेळताना हे कधी ना कधी होतंच. तुम्ही थ्रोन रूम लावून मिलिशिया दोनदा खेळता. तुम्हाला ४ नाणी मिळतात, पण समोरचा भिडू कार्डं मात्र एकदाच टाकतो. दुसऱ्या वेळी काहीच होत नाही. मग वाटतं, ॲप गंडलंय! प्ले स्टोअरवर एक स्टार द्यायला जाण्याआधी थोडं थांबा. इथे ॲप अगदी बरोबर आहे. का, ते या लेखात उदाहरणांसकट पाहू.

ही उत्तरं माहीत असण्याचा फायदा फक्त वाद मिटवण्यापुरता नाही. दोन कार्डं एकत्र आल्यावर नेमकं काय घडतं हे ज्याला आधीच कळतं, तो त्याच हातातून दुसऱ्यापेक्षा जास्त काढतो. बरेच डाव इथेच जिंकले किंवा हरले जातात.

डोमिनियन थोडक्यात

डोनाल्ड एक्स. व्हॅकॅरिनो यांनी बनवलेला हा गेम २००८ मध्ये आला आणि २००९ मध्ये त्याला जर्मनीचा ‘श्पील देस यारेस’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. डेक-बिल्डिंग हा प्रकार याच गेममुळे सगळीकडे पोहोचला.

प्रत्येक भिडू १० कार्डांनी सुरुवात करतो: ७ कॉपर आणि ३ इस्टेट. दर टर्नला हातात ५ कार्डं येतात. साधारणपणे एका टर्नमध्ये एक ॲक्शन कार्ड खेळता येतं आणि एक कार्ड विकत घेता येतं. घेतलेलं कार्ड तुमच्या टाकलेल्या ढिगात जातं आणि पुढे पिसून परत हातात येतं. प्रॉव्हिन्सचा ढीग संपला किंवा कुठलेही तीन ढीग संपले की ती टर्न पूर्ण होऊन गेम संपतो. ज्याचे पॉइंट जास्त तो जिंकला.

बदाम सात किंवा मेंढीकोट खेळताना नियम सगळ्या पत्त्यांना सारखेच असतात. डोमिनियनमध्ये प्रत्येक कार्ड स्वतःचा नियम घेऊन येतं. एका डावात असे १० प्रकारचे ढीग मांडलेले असतात आणि दर डावाला ते बदलतात. त्यामुळे कुठली दोन कार्डं कधी समोरासमोर येतील ते सांगता येत नाही.

आधी हे शब्द पक्के करा

• खेळणं: कार्ड टेबलावर ठेवून त्यावर लिहिलेलं सगळं वरून खाली, त्याच क्रमाने करणं.
• विकत घेणं: नाणी देऊन सप्लायमधून कार्ड घेणं. यासाठी एक ‘बाय’ खर्च होतो.
• मिळवणं: कुठल्याही मार्गाने कार्ड तुमचं होणं. विकत घेतलेलं कार्ड मिळवलेलंही असतं, पण मिळवलेलं प्रत्येक कार्ड विकत घेतलेलं नसतं.
• टाकणं: कार्ड तुमच्या टाकलेल्या ढिगात ठेवणं. ते पुन्हा येणार आहे.
• ट्रॅश करणं: कार्ड तुमच्या डेकमधून कायमचं बाहेर काढणं.

आणि एक मूळ नियम: कार्ड जे सांगतं त्यातलं जेवढं जमतं तेवढं करायचं. जे शक्य नाही ते सोडून पुढच्या ओळीकडे जायचं. खालची जवळपास सगळी उत्तरं यातूनच निघतात.

१. थ्रोन रूम: दोनदा म्हणजे एकामागून एक

थ्रोन रूम सांगतं की हातातलं एक ॲक्शन कार्ड दोनदा खेळा. याचा अर्थ ‘सगळे आकडे दुप्पट करा’ असा नाही. कार्ड एकदा पूर्ण खेळायचं, मग पुन्हा पहिल्या ओळीपासून पूर्ण खेळायचं. या दोन खेळींना वेगळी ॲक्शन लागत नाही. ॲक्शन खर्च होते ती फक्त थ्रोन रूम खेळताना.

थ्रोन रूम + मिलिशिया. मिलिशिया २ नाणी देतं आणि बाकीच्यांना हातात ३ कार्डं उरेपर्यंत कार्डं टाकायला लावतं. ‘दोन कार्डं टाका’ असं त्यावर कुठेही लिहिलेलं नाही! पहिल्या खेळीनंतर समोरच्याकडे ३ कार्डं उरली. दुसऱ्या खेळीला ३ च आहेत, म्हणून टाकण्यासारखं काही नाही. नाणी मात्र दोन्ही वेळा मिळतात.

थ्रोन रूम + लायब्ररी. इथेही तसंच. लायब्ररी हातात ७ कार्डं होईपर्यंत उचलायला सांगतं. पहिल्यांदाच ७ झाली की दुसरी खेळी फुकट गेली. ‘इतकं होईपर्यंत’ असं लिहिलेल्या कार्डावर थ्रोन रूम लावताना दोनदा विचार करा.

थ्रोन रूम + माइन. ही जोडी मात्र कमाल आहे. माइन हातातलं एक नाण्याचं कार्ड ट्रॅश करून त्यापेक्षा ३ ने महाग असलेलं नाण्याचं कार्ड थेट हातात देतं. पहिल्या खेळीत कॉपर देऊन सिल्व्हर हातात आलं. दुसऱ्या खेळीत तेच सिल्व्हर ट्रॅश करा आणि गोल्ड घ्या. एका टर्नमध्ये कॉपरचं गोल्ड झालं आणि ते याच टर्नला वापरताही येतं.

रिमॉडेलवर हीच साखळी चालत नाही. रिमॉडेलने मिळालेलं कार्ड हातात न येता टाकलेल्या ढिगात जातं, त्यामुळे दुसऱ्या खेळीसाठी हातातलं दुसरं कार्ड द्यावं लागतं. फरक फक्त ‘हातात’ या शब्दाचा आहे.

थ्रोन रूम + थ्रोन रूम. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. एक कार्ड चार वेळा खेळता येतं असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. पहिलं थ्रोन रूम दुसऱ्याला दोनदा खेळतं. दुसरं पहिल्यांदा खेळलं तेव्हा एक ॲक्शन कार्ड निवडून दोनदा खेळायचं. पुन्हा खेळलं तेव्हा हातातलं आणखी एक कार्ड निवडून दोनदा खेळायचं. म्हणजे दोन वेगवेगळी कार्डं, प्रत्येकी दोनदा.

समजा हातात दोन थ्रोन रूम, एक व्हिलेज, एक स्मिदी आहे. आधी व्हिलेज निवडलं: २ कार्डं आली, ४ ॲक्शन मिळाल्या. मग स्मिदी: ६ कार्डं आली. एकूण ८ कार्डं उचलली आणि ४ ॲक्शन अजून शिल्लक! शिवाय दुसरं कार्ड आधीच ठरवायचं नसतं. व्हिलेजने उचललेल्यात आणखी चांगलं ॲक्शन कार्ड आलं, तर स्मिदीऐवजी तेही निवडता येतं. म्हणून अशा वेळी कार्डं उचलून देणारं कार्ड आधी खेळा.

२. ‘जर केलंत तर’: तीन शब्दांचा फरक

पहिल्या आवृत्तीत फीस्ट नावाचं कार्ड होतं. २०१६ च्या दुसऱ्या आवृत्तीत ते काढून टाकलं, पण नियम समजायला त्याच्यासारखं उदाहरण नाही. त्यावर दोन सुटी वाक्यं होती: हे कार्ड ट्रॅश करा. ५ पर्यंत किमतीचं एक कार्ड मिळवा.

थ्रोन रूमने फीस्ट खेळलं तर? पहिल्या खेळीत फीस्ट ट्रॅश झालं आणि एक कार्ड मिळालं. दुसऱ्या खेळीत ट्रॅश करायला ते जागेवरच नाही, म्हणून ती ओळ सोडायची. पण दुसरी ओळ पहिलीवर अवलंबून नाही. म्हणून दुसरं कार्डही मिळतं. फीस्ट एकदाच गेलं, कार्डं दोन आली.

आता २००९ च्या इंट्रीग संचातलं मायनिंग व्हिलेज बघा. ते १ कार्ड आणि २ ॲक्शन देतं. वर, हवं तर ते ट्रॅश करायचं, आणि ट्रॅश केलं तरच २ नाणी. थ्रोन रूमने खेळल्यावर कार्ड आणि ॲक्शन दोन्ही वेळा मिळतात. नाणी मात्र एकदाच, कारण एकच कार्ड दोनदा ट्रॅश होऊ शकत नाही आणि नाणी त्या अटीला बांधलेली आहेत.

मनीलेंडरचंही असंच. हातातलं कॉपर ट्रॅश करण्याच्या बदल्यात ३ नाणी. थ्रोन रूमने दोनदा खेळलं आणि हातात दोन कॉपर असतील तर ६ नाणी. एकच असेल तर ३.

तेव्हा कार्ड वाचताना बघा: दोन वाक्यं सुटी आहेत की एक दुसऱ्याच्या बदल्यात आहे? सुटी असतील तर पहिलं फसलं तरी दुसरं होतं.

३. मोट: कशापासून वाचवतं, कशापासून नाही

दुसऱ्याने अटॅक कार्ड खेळलं की हातातलं मोट दाखवायचं आणि त्या अटॅकपासून सुटायचं. सोपं वाटतं, पण चार गोष्टी लक्षात ठेवा.

• मोट दाखवलं तरी ते हातातच राहतं. त्याच टर्नला दुसरा अटॅक आला तर तेच मोट पुन्हा दाखवता येतं.
• मोट फक्त तुम्हाला वाचवतं. विच खेळणाऱ्याला त्याची २ कार्डं मिळतातच, आणि ज्यांच्याकडे मोट नाही त्यांना कर्सही बसतो.
• थ्रोन रूमने विच दोनदा खेळलं तर ते दोन अटॅक झाले. मोटही दोन्ही वेळा दाखवावं लागतं. ॲपने दुसऱ्यांदा विचारलं की घाईत ‘नाही’ दाबू नका, नाहीतर कर्स आलाच म्हणून समजा.
• कार्डावर ‘अटॅक’ हा प्रकार छापलेला असेल तरच मोट चालतं. इंट्रीगमधलं मास्करेड प्रत्येकाला हातातलं एक कार्ड डावीकडच्या भिडूला द्यायला लावतं. शेजाऱ्याकडून कर्स आला तरी मोट दाखवता येत नाही, कारण मास्करेड अटॅक नाही.

कौन्सिल रूमसुद्धा अटॅक नाही. ते खेळणाऱ्याला ४ कार्डं देतं आणि बाकीच्या सगळ्यांना एक-एक. एखाद्या हुशार भिडूने कौन्सिल रूमनंतर मिलिशिया खेळलं, तर तुम्हाला फुकट मिळालेलं कार्ड धरून ६ कार्डांवरून थेट ३ वर यावं लागतं. पण त्या फुकटच्या कार्डात मोट आलं असेल तर? मिलिशिया नंतर खेळलं गेलं आहे, त्यामुळे ते बिनधास्त दाखवा.

४. किंमत कमी करणारी कार्डं

इंट्रीगमधलं ब्रिज १ नाणं आणि १ जादा बाय देतं. शिवाय त्या टर्नपुरती सगळी कार्डं १ ने स्वस्त होतात. सगळी म्हणजे सप्लायमधली, हातातली, डेकमधलीसुद्धा. किंमत शून्याखाली मात्र जात नाही.

आता ब्रिज चार वेळा खेळलं असं धरा (दोन थ्रोन रूम आणि दोन ब्रिज असतील तरी होतं). ८ ची प्रॉव्हिन्स ४ ला झाली. वर्कशॉप हे ४ पर्यंत किमतीचं कार्ड मिळवून देणारं साधंसं कार्ड आहे. पण या टर्नमध्ये तेच वर्कशॉप तुम्हाला प्रॉव्हिन्स मिळवून देतं, तेही बाय न वापरता! कारण किंमत तपासली जाते ती त्या क्षणाची. कार्डावर छापलेली मूळ किंमत बघितली जात नाही.

रिमॉडेलचं गणित जरा वेगळं आहे. ते एक कार्ड ट्रॅश करून त्याहून २ ने महाग कार्ड देतं. दोन्ही कार्डं सारखीच स्वस्त होत असल्याने सहसा काही फरक पडत नाही. फरक पडतो तो शून्याला टेकलेल्या कार्डाचा. कॉपर आधीच शून्याला आहे, ते आणखी खाली जाऊ शकत नाही. चार ब्रिजनंतर गोल्ड ६ वरून २ ला आलं. म्हणून त्या टर्नला रिमॉडेलने कॉपर देऊन थेट गोल्ड घेता येतं.

जुनं कार्ड, नवं कार्ड. २०११ च्या हिंटरलँड्स संचातलं हायवेसुद्धा किंमत १ ने कमी करतं. जुन्या छपाईत ‘हे कार्ड खेळात असेपर्यंत’ असं लिहिलं होतं. थ्रोन रूमने दोनदा खेळलं तरी टेबलावर कार्ड एकच, म्हणून किंमत १ नेच कमी व्हायची. २०२२ च्या नव्या आवृत्तीत तिथे ‘या टर्नमध्ये’ आलं. आता दोनदा खेळलं की २ ने कमी होते. मित्राच्या घरचा जुना संच आणि तुमच्या फोनमधलं ॲप वेगळं उत्तर देत असतील, तर कार्डावरचा मजकूर आधी जुळवून बघा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

५. पुढच्या टर्नपर्यंत टिकणारी कार्डं

२००९ च्या सीसाइड संचापासून ड्युरेशन हा प्रकार आला. ही कार्डं पुढच्या टर्नलाही काम करतात, म्हणून टर्न संपली तरी टेबलावरच राहतात. व्हार्फ हे त्यातलं गाजलेलं कार्ड: आत्ता २ कार्डं आणि १ बाय, पुढच्या टर्नच्या सुरुवातीला पुन्हा तेवढंच.

थ्रोन रूमने व्हार्फ खेळलं तर आत्ता ४ कार्डं आणि पुढच्या टर्नलाही ४. यात थ्रोन रूमसुद्धा व्हार्फसोबत टेबलावरच थांबतं, म्हणजे परिणाम दुप्पट आहे हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. ‘माझं थ्रोन रूम ढिगात गेलंच नाही’ ही तक्रार बरेचदा यातूनच येते. कार्ड हरवलेलं नसतं, पुढच्या टर्नच्या शेवटी ते सुटतं.

६. ट्रॅश होऊनही परत येणारं कार्ड

२०१२ च्या डार्क एजेस संचात फोर्ट्रेस आहे. किंमत ४. ते ट्रॅश झालं की परत तुमच्या हातात येतं. त्याच संचातलं प्रोसेशन एक ॲक्शन कार्ड दोनदा खेळून ट्रॅश करतं आणि त्यापेक्षा बरोबर १ ने महाग ॲक्शन कार्ड मिळवून देतं.

प्रोसेशनने फोर्ट्रेस खेळलं तर फोर्ट्रेस दोनदा खेळलं गेलं, ट्रॅश झालं, हातात परत आलं, आणि ५ किमतीचं एक ॲक्शन कार्डही मिळालं. ‘अरे, पण ते ट्रॅशमध्ये राहिलंच नाही!’ असं समोरचा म्हणेल. बरोबर आहे, पण ते ट्रॅश झालं होतं आणि अट तेवढीच होती. नंतर ते कुठे गेलं याने काही बिघडत नाही. रिमॉडेललाही फोर्ट्रेस दिलं तर ६ पर्यंतचं कार्ड मिळतं आणि फोर्ट्रेस हातात परत!

७. मधेच डेक संपला तर

सेलर सांगतं: हवी तेवढी कार्डं टाका, मग तेवढीच उचला. उचलताना डेक संपला तर टाकलेला ढीग पिसून नवा डेक होतो. म्हणजे आत्ताच टाकलेली इस्टेट पिसण्यात सामील होते आणि लगेच परत हातात येऊ शकते. ॲप मुद्दाम करत नाही, क्रमच तसा आहे.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. या टर्नला खेळलेली कार्डं अजून टेबलावर असतात, टाकलेल्या ढिगात नसतात. त्यामुळे टर्नच्या मधेच पिसावं लागलं तर ती नव्या डेकमध्ये जात नाहीत. तुमची सगळी चांगली ॲक्शन कार्डं खेळून झाली आहेत आणि डेकमध्ये फक्त एक-दोन कार्डं उरली आहेत, तर आणखी उचलण्याआधी थांबून विचार करा. आत्ता एक कार्ड उचलायच्या नादात पुढचा अख्खा डेक कमकुवत होऊ शकतो.

वाद झाला तर हे पाच प्रश्न विचारा

१. कार्डावर नेमके कुठले शब्द आहेत आणि आवृत्ती कुठली?
२. एक खेळी पूर्ण झाल्यावर दुसरी सुरू होते, हे धरून हिशेब केला का?
३. दोन वाक्यं सुटी आहेत की एक दुसऱ्याच्या अटीवर?
४. मिळालेलं कार्ड जातं कुठे: हातात, डेकवर की टाकलेल्या ढिगात?
५. परिणाम ‘या टर्नमध्ये’ आहे की ‘कार्ड खेळात असेपर्यंत’?

दोन गोष्टी एकाच वेळी व्हायच्या असतील तर? दोन्ही एकाच भिडूच्या असल्यास क्रम तो ठरवतो. वेगवेगळ्या भिडूंच्या असल्यास ज्याची टर्न चालू आहे त्याच्यापासून सुरुवात करून डावीकडे जायचं. म्हणूनच कर्सच्या ढिगात दोनच कार्डं उरली असताना कुणी विच खेळलं, तर ती त्याच्या डावीकडच्या पहिल्या दोघांना मिळतात आणि तिसरा सुटतो.

झटपट उत्तरं

• दोन मर्चंट खेळले आणि मग दोन सिल्व्हर? जादा नाणी एकूण २, दोन्ही पहिल्या सिल्व्हरवर. दुसऱ्यावर काही नाही.
• व्हॅसलने उघडलेलं ॲक्शन कार्ड खेळायला वेगळी ॲक्शन लागते का? नाही.
• हातात दुसरं ॲक्शन कार्ड नसताना थ्रोन रूम खेळता येतं का? येतं, पण काही मिळत नाही आणि ॲक्शन खर्च होते.
• शेवटची प्रॉव्हिन्स घेतली की गेम लगेच थांबतो का? नाही, चालू टर्न पूर्ण होते. बाय आणि नाणी शिल्लक असतील तर एखादी डची किंवा इस्टेट घ्यायला विसरू नका.
• पॉइंट समसमान झाले तर? ज्याने कमी टर्न घेतल्या तो जिंकतो.

पुढच्या वेळी निकाल विचित्र वाटला, तर आधी कार्ड दाबून ठेवून मोठं करून वाचा, मग लॉगमध्ये काय कुठल्या क्रमाने झालं ते बघा. दोन-तीन डाव असं केलंत की खेळी करण्याआधीच निकाल डोळ्यांसमोर येऊ लागेल.